खाटा नव्हे, खुर्ची

10 ऑक्टोबरचा जागतिक मानसिक आरोग्य दिन जवळ आला की जालन्यात, राजेश टोपे आरोग्यमंत्री असताना मंजूर झालेल्या 365 खाटांच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाचा विषय निघतो, तसा तो याही आठवड्यात निघाला. मानसिक आरोग्य खाटांनी मोजण्याच्या सवयीवर या स्तंभाने वारंवार आक्षेप घेतला आहे आणि तो सोडण्याचे कारण अद्याप दिसत नाही. कारण नैराश्याच्या बहुसंख्य रुग्णांना दाखल होण्याची नव्हे, तर घरी राहून उपचार पूर्ण करता येण्याची गरज असते.

गोळ्या आणि समुपदेशन यांनी ज्यांना उतार पडत नाही, अशा रुग्णांसाठी चुंबकीय मेंदू-उद्दीपन, म्हणजेच डॉक्टरांच्या बोलण्यातले टीएमएस, हा उपचार आहे. रुग्ण जागेपणी खुर्चीत बसतो, कपाळाच्या वर डाव्या बाजूला तारेचे वेटोळे टेकवले जाते आणि त्यातील झपाट्याने बदलणाऱ्या चुंबकीय क्षेत्रामुळे मेंदूच्या त्या भागात सौम्य विद्युतप्रवाह निर्माण होतो. त्याची तीव्रता ठरवण्यासाठी आधी रुग्णाचा अंगठा किती जोराच्या स्पंदाने फडकतो, ते पाहिले जाते. शॉकच्या उपचारात लागणारी भूल इथे लागत नाही. डोके दुखणे हा नेहमीचा त्रास आहे, झटका क्वचित येतो, मात्र डोक्यात धातूची क्लिप किंवा श्रवणयंत्राचे रोपण असलेल्यांना हा उपचार चालत नाही.

अडचण आहे ती फेऱ्यांची. आठवड्यातून पाच दिवस, चार ते सहा आठवडे बैठका घ्याव्या लागतात. हे गणित जालन्याला नवे नाही, कारण डायलिसिसचे रुग्ण आठवड्यातून दोन-तीनदा हेच हेलपाटे घालतात आणि त्यांच्यासाठी 2016च्या राष्ट्रीय कार्यक्रमाने यंत्रे जिल्हा रुग्णालयांपर्यंत आणण्याचे धोरण स्वीकारले. मूत्रपिंडाच्या रुग्णाला मोठ्या शहरात वारंवार पाठवणे अशक्य, हे शासनाला पटले; पण ज्याच्या आजाराचे लक्षणच अंथरुणातून उठण्याचे बळ नसणे हे आहे, त्याने सोयाबीनची सोंगणी आणि कापसाची वेचणी सुरू असताना, सोबतच्या माणसाचीही मजुरी बुडवून, मंठ्याहून महिनाभर पुण्यातल्या खासगी दवाखान्यात जावे, ही अपेक्षा मात्र कुणाला खटकत नाही. शिवाय डायलिसिस बहुतेकांना आयुष्यभर लागते, तर हा उपचार साधारण तीस बैठकांच्या आत संपतो. लक्षणे परतली तर काहींना पुन्हा घ्याव्या लागतात, तरी यंत्र पुढच्या रुग्णासाठी मोकळे होते.

2018 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या 414 रुग्णांच्या कॅनडातील चाचणीत साडेसदतीस मिनिटांच्या बैठकीइतकाच गुण सुमारे तीन मिनिटांच्या बैठकीने आला आणि दोन्ही गटांत जवळपास निम्म्या रुग्णांची लक्षणे निम्म्याहून कमी झाली. उरलेल्या निम्म्यांचे काय, हा प्रश्न राहतोच, परंतु आधीचे औषध लागू न पडलेल्यांमधला हा निकाल असल्याने तो लहान मानता येत नाही. आणि बैठक तीन मिनिटांची झाली, की एका खुर्चीवर दिवसाकाठी कितीतरी रुग्ण बसू शकतात.

जालन्यात 2024 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. पहिली खुर्ची तिथे, मनोविकार विभागात ठेवावी आणि तिचा खर्च जिल्हा नियोजन समितीने पुढच्या आराखड्यात धरावा. तोवर ज्या घरात कुणी गप्प गप्प झाले आहे, त्यांनी थांबू नये: टेली-मानसच्या 14416 या क्रमांकावर रात्रंदिवस, विनामूल्य आणि मराठीत बोलता येते.