नियोजनाच्या बैठकीत रुग्ण का नको?

केंद्र सरकारने २०२५-२६च्या अर्थसंकल्पात सर्व जिल्हा रुग्णालयांत तीन वर्षांच्या आत कर्करोगाची दिवसोपचार केंद्रे काढण्याचा संकल्प जाहीर केला. पैकी २०० केंद्रे त्याच वर्षी उभारावयाची होती. संकल्प स्वागतार्ह आहे, याविषयी दुमत नाही. परंतु पुण्याचे जिल्हा रुग्णालय आहे औंधला, म्हणजे शहराच्या पश्चिम अंगास. आणि शिरूर व दौंड हे तालुके आहेत पूर्वेस. संकल्पाचा शब्दशः अर्थ घेतला, तर शिरूरच्या रुग्णाने सुमारे ७० किलोमीटर येऊन पुणे गाठावयाचे, मग सारे शहर ओलांडून औंधला जावयाचे आणि शिरेतून औषध घेऊन, ओकाऱ्या आवरीत, त्याच संध्याकाळी परतावयाचे. हा प्रवास ज्याने एकदा केला आहे असा एक जरी मनुष्य नियोजनाच्या बैठकीत असता, तरी त्याने पहिला प्रश्न विचारला असता : केंद्र दौंडला किंवा शिरूरला का नको?

बुडालेल्या कमाईलाही अर्थशास्त्र खर्चच म्हणते. राज्यात २०१२ साली सुरू झालेल्या आणि आज महात्मा जोतिराव फुले यांचे नाव धारण करणाऱ्या योजनेमुळे रुग्णालयाच्या बिलाचा भार पुष्कळ हलका झाला, हे मान्य केलेच पाहिजे. पण रुग्णासोबत जाणाऱ्या मुलाची मजुरी कोणत्या बिलात लिहावयाची? दौंड जंक्शनवर गाडी धरून परळच्या टाटा रुग्णालयात जाणारे कुटुंब दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळेल का, या विवंचनेत असते, आणि इकडे उसाला पाणी देण्याची पाळी टळते. बाईला आजार झाला तर गोष्ट आणखी लांबते. मिश्रीने तोंडात पडलेला चट्टा ती महिनोन्‌महिने कोणास दाखवीत नाही, कारण दाखवावयाचे म्हणजे घरातल्या दोन माणसांचा दिवस मोडावयाचा. नियोजनकार यंत्रे आणि खाटा मोजतात. रुग्ण दिवस मोजतो. दोघांचा अग्रक्रम म्हणूनच जुळत नाही.

रुग्णाला धोरणातले काय कळते, असा आक्षेप सुशिक्षितच घेतात. त्यांनी ग्लिव्हेक या औषधाचा खटला आठवावा. रक्ताच्या एका कर्करोगावरील या औषधाचा महिन्याचा खर्च सुमारे १ लाख २० हजार रुपये होता. देशी कंपन्यांचे तेच औषध आठ-दहा हजारांत मिळे. पेटंटला हरकत घेणाऱ्यांत मुंबईची, १९६९ साली स्थापन झालेली, कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन ही रुग्णांसाठी झटणारी संस्था होती. २००६ साली चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने अर्ज फेटाळला आणि १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. औषधाची किंमत हा धोरणाचाच प्रश्न होता, आणि तो रुग्णांच्या बाजूने लढविला गेला.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. बैठकीस येईल तो बरा झालेला रुग्ण, आणि बहुधा ऐपतीचा. जो उपचाराअभावी गेला, त्याचे म्हणणे कोण मांडणार? म्हणूनच नुसत्या रुग्णांना नव्हे, तर ज्यांच्या घरचे माणूस गेले त्यांनाही बोलाविले पाहिजे. शेवटच्या महिन्यांत वेदना शमविणारे मॉर्फिन तालुक्याला मिळत होते की नाही, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? मॉर्फिनवरचे कायद्याचे जाचक निर्बंध २०१४ साली सैल झाले. पण कायदा सैल झाला म्हणजे गोळी गावात पोचलीच, असे नव्हे.

यासाठी नवे मंडळ नको. मंडळांची आपल्याकडे वाण नाही. सरकारी रुग्णालयांच्या रुग्ण कल्याण समित्या आहेतच. आरोग्यसेवेवर लोकाधारित देखरेखीचा प्रयोग २००७ साली राज्यातल्या ज्या पाच जिल्ह्यांत सुरू झाला, त्यांत पुणे होते. जनसुनवाईत गावकरी अधिकाऱ्यांसमोर उभे राहून बोलले. तेव्हा दौंड आणि शिरूरच्या समित्यांवर कर्करोगग्रस्त कुटुंबांतील निदान दोन व्यक्ती असाव्यात, जिल्ह्याचा आरोग्य आराखडा मंजुरीपूर्वी त्यांच्यापुढे यावा, आणि त्यांचा अभिप्राय अमान्य केल्यास कारण लेखी द्यावे. सभासदांना त्या दिवसाची मजुरी मिळावी आणि सभेची वेळ एस.टी.ची वेळ पाहून ठरवावी. दिवसोपचार केंद्राच्या जागेचा विषय पहिल्याच सभेपुढे ठेवावा, आणि ती सभा पुण्यात न घेता दौंडला घ्यावी.