मार दिसावा, लागू नये

रोमच्या कोलोसियममध्ये दोन माणसे एकमेकांशी लढायला आली आहेत, पण लढत काही सुरू होत नाही. एक जण मान फिरवतो, बोटे मोडतो. दुसरा खांदे सैल करतो, पाय ताणतो. हाडांचा कडकड आवाज येतो. बाजूला एक मांजराचे पिल्लू हे सारे बघत बसले आहे. १९७२ सालच्या ‘द वे ऑफ द ड्रॅगन’ या चित्रपटातला हा प्रसंग. लढणारे दोघे म्हणजे ब्रूस ली आणि चक नॉरिस. दिग्दर्शकही लीच. पन्नास वर्षे उलटली, तरी कुंग फू चित्रपटांच्या चाहत्यांना आवडती लढत विचारली, की बहुतेकदा हिचे नाव निघते. ज्या लढतीत सुरुवातीला कोणी कोणाला हातही लावत नाही, ती इतकी का आवडते?

मारामारी का आवडते, याचे ठरलेले उत्तर असे, की माणसाच्या मनात हिंसा दडलेली असते आणि पडद्यावरची हाणामारी पाहून तिला वाट मिळते. ऐकायला हे पटते, पण मनातली वाफ अशी बाहेर पडते आणि माणूस शांत होतो, ही कल्पना मानसशास्त्राच्या प्रयोगांत फारशी टिकलेली नाही. शिवाय तसे असते, तर खरी मारामारी पाहणे सर्वांत सुखाचे ठरले असते. मोबाइलवर फिरणाऱ्या रस्त्यावरच्या भांडणांच्या चित्रफिती आठवाव्यात. दोघे एकमेकांची कॉलर धरतात, झटापट होते, कोणी तरी घसरून पडते, चार जण सोडवायला येतात. कोणी कोणाला काय मारले, हे कळतच नाही. बघणाऱ्याला कुतूहल वाटते, भीती वाटते, किळसही येते. पण मजा येत नाही. खऱ्या मारामारीला आकार नसतो. पडद्यावरच्या चांगल्या मारामारीला तो असतो, आणि प्रेक्षकाचा मेंदू त्या आकाराचाच भुकेला असतो.

चालत्या-फिरत्या शरीराची हालचाल ओळखण्यात माणसाचा मेंदू विलक्षण तरबेज आहे. गुन्नार योहान्सन या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. माणसाच्या खांदा, कोपर, गुडघा अशा सांध्यांवर छोटे ठिपके लावायचे आणि चित्रण असे करायचे, की अंधारात फक्त ते ठिपके दिसावेत. ठिपके स्थिर असताना पाहणाऱ्याला काही बोध होत नाही. ते हलू लागले, की क्षणार्धात कळते, हा चालणारा माणूस आहे. चेहरा नाही, कपडे नाहीत, शरीराची बाह्यरेषाही नाही. डझनभर ठिपक्यांची लय तेवढी पुरते.

पण ही ओळख पटायला शरीर दिसावे तर लागते. इथे डोळ्यांची मर्यादा आड येते. नजर एका जागेवरून दुसऱ्या जागी जाते ती सरकत नाही, उडी मारते. पडद्यावर नवे काही दिसल्यापासून ही उडी सुरू होईपर्यंत साधारण एक पंचमांश सेकंद जातो. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी धावतो, म्हणजे तेवढ्यात जवळपास पाच चौकटी निघून गेलेल्या असतात. उडी चालू असतानाचे दृश्य तर मेंदू दाबूनच टाकतो. अशा डोळ्यांसमोर अर्ध्या अर्ध्या सेकंदाला कॅमेऱ्याची जागा बदलली, तर प्रेक्षकाचा सगळा वेळ ‘आता कुठे बघायचे’ हे शोधण्यातच जातो. ‘टेकन ३’मध्ये लिअम नीसनचे पात्र पळताना तारेचे कुंपण ओलांडते. एवढ्याशा कृतीला सहा-सात सेकंदांत डझनाहून अधिक कट दिलेले आहेत. गडबड जाणवते, वेग जाणवत नाही. नट लढू शकत नसला, की संकलकाला त्याच्या वतीने लढावे लागते आणि त्यात बळी जातो तो प्रेक्षकाच्या डोळ्यांचा.

हाँगकाँगच्या चित्रपटांनी याच्या नेमके उलटे केले. अमेरिकी चित्रपट-अभ्यासक डेव्हिड बोर्डवेल यांनी तिथल्या लढतींमधली एक लय दाखवून दिली: थांबणे, उसळणे, पुन्हा थांबणे. दोघे क्षणभर स्थिर उभे राहतात. मग तीन-चार वार विजेसारखे होतात. मग पुन्हा एक स्थिर पवित्रा. या थांब्यांमध्ये प्रेक्षकाची नजर आपली जागा पकडते, आधीच्या वारांचा हिशेब लावते आणि पुढच्याची वाट पाहू लागते. वेग जाणवायला बाजूला स्थिरता लागते; नुसताच वेग दिला, तर तो वेग राहत नाही, धुरळा होतो.

ही लय चित्रपटाने रंगभूमीकडून घेतली. जॅकी चॅन, सॅमो हंग आणि युन बियाव हे तिघेही लहानपणी हाँगकाँगमधल्या एकाच पेकिंग ऑपेरा शाळेत घडले. तिथे कसरत, गाणे, लढाई आणि अभिनय हे एकाच शिस्तीचे भाग होते. या रंगभूमीवर लढाई चालते ती ढोल आणि झांजांच्या साथीने. वारांची मालिका संपते, नट एका पवित्र्यात पुतळ्यासारखा गोठतो आणि त्याच क्षणी झांज वाजते. तबल्याची तिहाई अचूक समेवर आली, की मैफलीतल्या श्रोत्याची मान आपोआप हलते. इथेही तेच होते. मेंदूने एक अंदाज बांधलेला असतो आणि तो ठरल्या क्षणी खरा ठरतो. जॅकी चॅनची मारामारी आवाज बंद करून पाहिली, तरी तिच्यातला ताल लपत नाही.

अर्थात आवाज बंद करून पाहणे हा मोठा अन्याय. कारण बऱ्याच वेळा ठोसा लागतो तो कानाला. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पडद्यावर दोन गोल ठिपके समोरासमोरून येत, एकमेकांवर येत आणि पुढे जात. पाहणाऱ्यांना बहुतेकदा ते एकमेकांतून आरपार गेल्यासारखे वाटत. मग दोघे भेटण्याच्या क्षणी एक बारीकसा ‘टक’ आवाज दिला, तर तेच ठिपके एकमेकांवर आपटून मागे उसळल्यासारखे दिसू लागले. चित्र तेच होते. धडक आवाजाने घडवली. मुंबईच्या फाईटमास्टर मंडळींना हे प्रयोगशाळेच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होते. नायकाची मूठ खलनायकाच्या हनुवटीपासून वीतभर लांबून जाते, ‘ढिशूम’ वाजते, मान झटकली जाते आणि थिएटर शिट्ट्या मारते. ‘ढिशूम’ची चेष्टा पुष्कळ झाली, पण कोणाचा दात न पाडता ठोसा लगावण्याची ती एक अस्सल युक्ती आहे. हाँगकाँगच्या संकलकांनी तिला आणखी एक जोड दिली. फटका बसण्याचा क्षण दूरच्या शॉटमध्ये दाखवायचा आणि जवळचा शॉट तिथून पुढे नव्हे, तर काही चौकटी मागून सुरू करायचा. तोच क्षण दोनदा दिसतो. प्रेक्षकाला पुनरावृत्ती कळत नाही, फटका मात्र जोरदार वाटतो.

आता प्रश्न शरीराचा. लढत पाहताना खुर्चीतल्या माणसाचे खांदे आखडतात, मूठ वळते. याचे श्रेय झटपट ‘आरसा पेशीं’ना दिले जाते. दुसऱ्याची कृती पाहतानाही चेतवल्या जाणाऱ्या या चेतापेशी इटलीतल्या संशोधकांना माकडांच्या मेंदूत आढळल्या. त्यांच्या नावावर पुढे इतके काही खपवले गेले, की आता थोडा संयम बरा. त्यापेक्षा २००५ साली लंडनमध्ये झालेला एक अभ्यास अधिक उपयोगी पडतो. त्यात बॅले नर्तक, ब्राझीलमधल्या कापोएरा या युद्धनृत्याचे जाणकार आणि दोन्ही न येणारी माणसे, अशांना दोन्ही प्रकारच्या हालचालींच्या चित्रफिती दाखवून त्यांच्या मेंदूचे स्कॅन केले. नर्तकांच्या मेंदूतले हालचालींशी संबंधित भाग त्यांना स्वतःला येत असलेली शैली पाहताना अधिक सक्रिय झाले. कोल्हापूरच्या खासबाग मैदानात कुस्ती पाहणाऱ्या जुन्या मल्लाला हे सांगायला स्कॅनर नको. पैलवानाने पकड घेतली, की ढाक लागणार हे त्याच्या अंगाला आधी कळते आणि तो जागच्या जागी वाकडा होतो. शेजारच्या नवख्याला डाव कळतो तो पाठ मातीला लागल्यावर.

पण मग लाथ कधीच न मारलेल्या कोट्यवधी लोकांना कुंग फू चित्रपट का आवडतो? त्याचा एक धागा २०११ मधल्या दुसऱ्या अभ्यासात सापडतो. नृत्य न शिकलेल्या लोकांना निरनिराळ्या नृत्यहालचाली दाखवल्या, तेव्हा ‘या मला जमणार नाहीत’ असे ज्यांच्याबद्दल वाटले, त्याच त्यांना अधिक आवडल्या. नृत्याचा निष्कर्ष मारामारीला जसाच्या तसा लावता येणार नाही हे मान्य. तरी चित्रपटगृहातला अनुभव याहून वेगळे सांगत नाही. हात आपल्यासारखेच दोन, गुडघे आपल्यासारखेच. आणि त्यांनी हा माणूस हे काय करतो आहे! शरीर ओळखीचे हवे आणि कौशल्य आवाक्याबाहेरचे. संगणकाने घडवलेला नायक दहा मजली इमारतीवर आदळूनही उठतो, तेव्हा यातली पहिली अटच तुटते. त्या शरीराला वजन नाही, म्हणून धोकाही नाही. ‘ओल्डबॉय’ या कोरियन चित्रपटातली बोळातली लढत याच्या विरुद्ध टोकाची आहे. न तोडलेला एक लांब शॉट, हातात हातोडी घेतलेला एक माणूस आणि समोर जमाव. सगळेच हळूहळू दमतात, धापा टाकतात, वार हुकतात. कौशल्य थोडे आणि दम मात्र खरा वाटणारा. ती विसरता येत नाही.

कोलोसियमची लढत या कसोट्यांना उतरते. शिवाय तिच्यात गोष्ट आहे. सुरुवातीला ली मार खातो. नॉरिस उंच, भक्कम, लांब हातांचा. ली जमिनीवर पडतो, उठतो आणि आपली पद्धत बदलतो. पायांवर हलका होऊन नाचू लागतो, अंतर राखतो, लय मोडतो. आता नॉरिस चुकू लागतो. शेवटी हात आणि पाय निकामी झाल्यावरही तो माघार घेत नाही, ली त्याला मारतो आणि त्याचा पोशाख व पट्टा आदराने त्याच्या अंगावर ठेवतो. शब्द जवळजवळ नाहीत, तरी हा दोन शरीरांमधला सवाल-जवाबच आहे. सुरुवातीचे ते हातपाय ताणणे लांबण वाटत नाही, कारण तिथेच प्रेक्षकाला दोन्ही शरीरांची ओळख करून दिली जाते.

या सगळ्यात एक गोष्ट कुठेच लागली नाही: खरी इजा. स्पष्टता, लय, आवाज, वजन, कौशल्य, गोष्ट. यांतले काहीही मिळवायला कोणाचे हाड मोडावे लागत नाही. तरीही या चित्रपटांच्या चाहत्यांमध्ये एक वेड रुजले आहे: नट जितका जखमी, तितका चित्रपट अस्सल. ‘पोलीस स्टोरी’त (१९८५) जॅकी चॅन दिव्यांच्या माळा गुंडाळलेल्या उंच खांबावरून घसरत खाली आला, हात भाजले, पाठीला दुखापत झाली. ही गोष्ट कौतुकाने सांगितली जाते. ते कौतुक समजण्यासारखे आहे, कारण धोका खरा होता हे कळल्यावर दृश्याकडे पाहण्याची नजर बदलते. पण त्या चित्रपटातल्या लढती पुन्हा पुन्हा पाहाव्याशा वाटतात त्या त्यांच्या रचनेमुळे. भाजलेल्या हातांमुळे त्यांतला एकही वार अधिक सुंदर होत नाही. आणि या वेडाची किंमत बहुतेक वेळा नायक मोजत नाही. ज्याचे नाव कोणाला ठाऊक नसते, असा डुप्लिकेट मोजतो.

पडद्यावरचे खोटे औषधाच्या दुकानापर्यंत येते, तिथेही सावध राहायला हवे. चित्रपटात नायक उघड्या मुठीने वीस जबडे फोडतो आणि पुढच्या प्रसंगात चहा पितो. प्रत्यक्षात मूठ कठीण हाडावर आदळली, की करंगळीच्या मागचे तळहातातले हाड मोडणे इतके नेहमीचे आहे, की त्या फ्रॅक्चरला बॉक्सरचेच नाव पडले आहे. त्याहून घातक समजूत डोक्यावरच्या फटक्याची. चित्रपटात तो दिव्याच्या बटणासारखा चालतो: पहारेकरी बेशुद्ध पडतो, तासाभराने डोके चोळत उठतो. खऱ्या आयुष्यात मार लागून शुद्ध हरपणे म्हणजे मेंदूला इजा. नंतर उलट्या होत असतील, डोकेदुखी वाढत असेल, बोलणे असंबद्ध होत असेल किंवा झोप आवरत नसेल, तर ‘झोपू दे, बरे वाटेल’ म्हणायचे नाही, लगेच रुग्णालय गाठायचे.

ऑस्कर देणाऱ्या अकादमीने २०२५ मध्ये जाहीर केले, की २०२८ च्या शंभराव्या सोहळ्यापासून स्टंटसाठी स्वतंत्र पुरस्कार दिला जाईल. पुरस्काराच्या नावात धाडस हा शब्द नाही; तो स्टंटच्या रचनेसाठी, म्हणजे ‘स्टंट डिझाइन’साठी आहे. फार उशिरा आला, पण शब्द योग्य निवडला.

‘आर्मर ऑफ गॉड’ (१९८६) हा जॅकी चॅनच्या सर्वांत गंभीर अपघाताचा चित्रपट. चित्रीकरण तेव्हाच्या युगोस्लाव्हियात चालले होते. भिंतीवरून झाडाच्या फांदीवर उडी, एवढाच स्टंट. फांदी तुटली, तो खाली पडला, डोके दगडावर आपटले, कवटी फुटली आणि मेंदूची शस्त्रक्रिया करावी लागली. अपघाताची दृश्ये चित्रपटाच्या शेवटी श्रेयनामावलीबरोबर दाखवली जातात. ती दुसऱ्या वेळची उडी होती. पहिली नीट पार पडली होती. त्याला आणखी एक हवी होती.