चुन्याखालचा रंग

जर्मनीतल्या ल्यूबेकच्या जुन्या व्यापारी घरांत दुरुस्ती काढली की चुन्याखालून मध्ययुगीन वेलबुट्टी निघते, आणि लगेच ती ‘पूर्ववत’ करण्याचा मोह होतो. तो का आवरावा, याचा पुरावा त्याच शहरात आहे. १९४२च्या बॉम्बहल्ल्यातील आगीत मारिएनकिर्शे या चर्चमधला चुना गळून जुनी चित्रे उघडी पडली. जीर्णोद्धार करताना चित्रकार लोथार माल्स्काटने बरीचशी चक्क नव्याने रंगवली. १९५१च्या सोहळ्यात वाहवा झाली, टपाल तिकिटेही निघाली. पुढच्या वर्षी त्याने स्वतःच कबुली दिली. नाहीतर आपण कदाचित आजही माना डोलावत असतो. राहत्या घरात डागाळलेल्या भिंतीशेजारी कोण जेवेल, हा आक्षेप रास्तच. पण सगळे उघडे ठेवायलाच हवे असे कुठे आहे? हातभर तुकडा मोकळा ठेवून बाकीचे पुन्हा चुन्याने झाकता येते. शतकानुशतके चुन्यानेच तर ते जपले. खर्चाचे रडगाणे मात्र अर्धेच खरे. काम सुरू करण्यापूर्वी वारसा खात्याशी ठरवून घेतले, तर संरक्षित वास्तूत स्वतः राहणाऱ्या मालकाला मान्य खर्चाच्या ९ टक्क्यांपर्यंत रक्कम दरवर्षी, अशी १० वर्षे, करपात्र उत्पन्नातून वजावट म्हणून दाखवता येते.