मागच्यासाठी ठेवलेली भेट

जर्मन माणसांविषयी आपल्या काही समजुती पक्क्या आहेत. ती वक्तशीर असतात, काटेकोर असतात आणि हसण्यापूर्वीही नियम तपासून पाहतात! या समजुतीला तडा जायचा असेल तर तिथल्या एखाद्या लग्नाची किंवा कार्निव्हलच्या दिवसांतली मेजवानी पाहावी. रात्र चढू लागली, बिअरचे दोन-तीन पेले झाले, की कुणीतरी उठते. दुसरा मागून त्याच्या खांद्यांवर हात ठेवतो, तिसरा दुसऱ्याच्या. आणि पाहता पाहता मावशा, मेहुणे, शेजारी, कचेरीतले साहेब अशी सगळ्यांची आगगाडी टेबलांमधून, जिन्यावरून, अंगणातून फिरू लागते. आपल्याकडे हा खेळ बालवाडीतली मुले खेळतात. तिकडे साठीची माणसेही त्यात संकोच मानीत नाहीत. या प्रकाराला ते 'पोलोनेझ' म्हणतात.

नाव मात्र मोठ्या घरचे आहे. पोलोनेझ हा मूळचा पोलंडचा संथ, राजस नाच. युरोपातल्या दरबारी नृत्यसमारंभांचा प्रारंभ त्याने होत असे. शोपँने त्याच्या तालावर पियानोच्या रचना केल्या. पोलंडमधली मुले शालान्त परीक्षेच्या सुमारे शंभर दिवस आधी होणाऱ्या समारंभात तो आजही नाचतात, आणि 2023 मध्ये युनेस्कोने त्याला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. जर्मनीत पोहोचल्यावर त्याचा दरबारी थाट गळून पडला आणि उरली ती रांग. 1981 साली गॉटलीब वेन्डेहाल्स या नावाने गाणाऱ्या एका विनोदी कलावंताने हॅम्बुर्गच्या ब्लांकेनेझ या उपनगराचे नाव जोडून पोलोनेझवर एक गाणे केले. ते पश्चिम जर्मनीत पहिल्या क्रमांकावर गेले, आणि मेजवानी म्हटली की ही आगगाडी आलीच, असे होऊन बसले.

या नाचाचे नाव संगणकावर खेळ खेळणाऱ्या जर्मन मंडळींनी आपल्या एका देवघेवीला दिले, त्याची ही गोष्ट. रीत सोपी आहे. एकजण जाहीर करतो, 'माझ्याकडे अमुक खेळ आहे, कुणाला हवा?' ज्याला हवा त्याने तो मागायचा. पण मागतानाच आपल्याजवळचा दुसरा एक खेळ मागून येणाऱ्यासाठी ठेवायचा. तो तिसरा उचलतो आणि आपला चौथ्यासाठी ठेवतो. ज्याच्याकडून घेतले त्याला काही द्यायचे नाही. द्यायचे ते मागच्याला, जो अजून आलेलाही नाही.

हे खेळ येतात कुठून? आता बहुतेक खेळ डबीतून विकले जात नाहीत. अक्षरे आणि आकडे यांचा एक संकेत मिळतो, त्याला 'की' म्हणतात. तो आपल्या खात्यात भरला की खेळ आपला. 2010 पासून असे खेळ जुडीने, गिऱ्हाईक देईल त्या किमतीला विकण्याची आणि त्यातला काही वाटा धर्मादाय कामाला देण्याची पद्धत रूढ झाली. जुडीतला एखादा खेळ आपल्याकडे आधीच असतो, एखादा नकोसा असतो. ती की मग पडून राहते, संक्रांतीच्या वाणात तिसऱ्यांदा आलेल्या प्लास्टिकच्या डब्यासारखी.

पण डबा वापरूनही देता येतो. की एकदा वापरली की संपली. वाचलेली कादंबरी आपण शेजाऱ्याला देतो, तिला डाग पडला तर थोडे भांडतोही. खेळून झालेला खेळ मात्र खात्याला जन्माचा चिकटतो. विकत घेतलेले डाउनलोड सॉफ्टवेअर पुन्हा विकण्यास कंपनी मनाई करू शकत नाही, असा निर्णय युरोपीय न्यायालयाने 2012 मध्ये दिला खरा. तरीही खेळांची खाती हस्तांतरित करू न देण्याविरुद्ध तिथल्या ग्राहक संघटनांनी नेलेला दावा बर्लिनच्या न्यायालयाने 2014 मध्ये फेटाळला. पैसे मोजून घेतलेली वस्तू नातवाला देता येत नाही, हे आपल्या पिढीच्या गळी उतरणे कठीण आहे. नातवाला मात्र त्यात नवल वाटत नाही, आणि मला काळजी वाटते ती त्याचीच. म्हणून न वापरलेल्या कीचे हे फिरणे मला क्षुल्लक वाटत नाही. देण्याची जी एक फट उरली आहे, ती या मंडळींनी शोधून काढली.

बँकेत उमेदीची वर्षे घालवलेल्या माणसाला यात आणखी एक गंमत दिसते. वस्तुविनिमयाची जुनी अडचण अशी, की माझ्याकडे बाजरी असावी, मला मीठ हवे असावे, आणि मीठवाल्याला नेमकी बाजरीच हवी असावी. ही गाठ क्वचित पडते, म्हणून पैसा आला. पोलोनेझमध्ये पैसा नाही, तरी अडचण नाही. कारण माझी बाजरी मीठवाल्याला पसंत पडायची गरजच नाही, मागून येणाऱ्या कुणाला तरी पडली म्हणजे झाले. आणि कुणी चांगला खेळ उचलून जागेवर भुसा ठेवला तर? तो कुणी उचलीत नाही. रांग तिथेच थांबते आणि कुणामुळे थांबली ते सगळ्यांना दिसते. वसुली अधिकारी नेमावा लागत नाही.

साखळी हा शब्द ऐकला की आपण सावध होतो, आणि ते योग्यच आहे. अकरा जणांना पत्र पाठवा, नाहीतर कोप होईल, अशी पोस्टकार्डे आपल्या घरी आलेली आहेत. आपल्या देशात पैशाच्या साखळी योजनांना बंदी घालणारा कायदा 1978 चा आहे. जर्मनीतही 'शेंकक्राइज', म्हणजे दानमंडळे, निघाली होती. बाहेरच्या वर्तुळातल्या आठ जणांनी मधल्या एकाला, समजा, पाच-पाच हजार युरो 'भेट' द्यायचे. तो चाळीस हजार घेऊन बाजूला होतो, वर्तुळ दुभंगते, आणि प्रत्येकजण आपण मध्यभागी येण्याची वाट पाहतो. नाव दानाचे, पण दर फेरीला माणसे दुप्पट लागतात. एकापासून सुरुवात केली तर सत्तावीस वेळा दुप्पट करताच आकडा तेरा कोटींच्या पुढे जातो. सगळ्या जर्मनीची लोकसंख्या त्याहून पुष्कळ कमी. तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने 2005 मध्ये अशा मंडळांत दिलेली रक्कम परत मागता येते असे ठरवले, तोवर कितीतरी घरांतली शिल्लक गेली होती, आणि ती नेणारी माणसे परकी नव्हती, मैत्रिणी आणि नातलगच होते.

दोन्हींना साखळीच म्हणतात, म्हणून घरातल्या मुलांना फरक सांगताना आपली पंचाईत होते. फरक असा, की पोलोनेझमध्ये एकाच्या मागे एकच असतो. रांग लांबते, रुंदावत नाही. उद्या ती तुटली तरी कुणाचे काही बुडत नाही. फार तर एक खेळ न उचललेला राहतो. दानमंडळात पहिला सर्वांत श्रीमंत होतो, आणि पोलोनेझमधल्या पहिल्याला काहीच मिळत नाही.

हा पहिला माणूस मला फार आवडतो. जमाखर्च मांडला तर त्याच्या नावावर एक खेळ खर्ची पडलेला आणि जमेची बाजू कोरी. मधल्या प्रत्येकाने एक दिला, एक घेतला. त्याने नुसताच दिला. लग्नातल्या पोलोनेझमध्येही त्याची हीच गत असते. सगळ्यांचे हात कुणाच्या ना कुणाच्या खांद्यावर. त्याच्या पुढे खांदाच नाही. मग ते रिकामे हात काय करावेत हे न कळून तो ते हवेत हलवीत, स्वयंपाकघराच्या दिशेने निघतो.