रिंगचा हूक आणि नोकरीची जाहिरात

परवा सांगलीहून भाच्याचा फोन आला. पोरगा यंदाच सिव्हिल इंजिनिअर झालाय. "मामा, सगळ्या जाहिरातींत प्रायमावेरा मागतात. क्लास लावू का?"

म्हटलं, जाहिरात वाच बघू. ऑटोकॅड, एमएसपी, प्रायमावेरा, अस्खलित इंग्रजी आणि शेवटी 'दबावाखाली काम करण्याची तयारी'. हे शेवटचं ऐकून आधी हसू आलं, मग जुनी एक गोष्ट आठवली.

नोकरीचं माझं पहिलंच वर्ष. सातारा जिल्ह्यातली एक इमारत. कॉलमच्या रिंगांचे हूक ९० अंशांत सोडलेले. नियम १३५ अंशांचा. टोक आत काँक्रीटच्या गाभ्यात वळलं पाहिजे. नाहीतर भूकंपात वरचं कव्हर उडतं, रिंग उघडते आणि उभ्या सळया बाहेर वाकतात. मला हे पाठ होतं. फिटर म्हणाला, "साहेब, सगळीकडे असंच करतो." वरिष्ठ म्हणाले, "संध्याकाळी काँक्रीट आहे, पुस्तक मिटा." मी मिटलं. सहीही केली.

कोयनानगर याच जिल्ह्यात. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे तिथे काय झालं ते आमच्या घरात लहानपणापासून ऐकलेलं. तरी मी गप्प बसलो. दबावाखाली काम करण्याची तयारी माझ्यात भरपूर होती की!

हल्ली प्रत्येक बिल्डर म्हणतो, नव्या पोरांना काही येत नाही. अर्धं खरं आहे. लेव्हल लावता येत नाही, सळईचं वेळापत्रक काढता येत नाही, मेजरमेंट बुक कधी हातात धरलेलं नसतं. सांगलीचं वालचंद १९४७ चं, कराडचं सरकारी कॉलेज १९६० चं. या भागाला इंजिनिअरिंग नवीन नाही. कॉलेजांनी पोरांना साइटवर जास्त पाठवावं, हे मान्य. पण या गोष्टी चांगल्या फोरमनच्या हाताखाली सहा महिन्यांत येतात. तो फोरमन पगार देऊन ठेवायचा कुणी?

आणि जे सहा महिन्यांत येत नाही ते कुठल्याच जाहिरातीत नसतं. 'चुकीचं काम थांबवता येणे' अशी अट कधी वाचलीत का? तुम्हीच सांगा. ती नसते, कारण ती नकोच असते. हवा असतो सही करणारा हात, आणि वर तक्रार कौशल्याची!

कुणी म्हणेल, नवखी पोरं कामं थांबवायला लागली तर इमारती उभ्या राहायच्या कधी? अहो, मग व्यवस्थापन कशाला म्हणतात? काँक्रीटच्या आदल्या दिवशी सळई तपासायला अर्धा दिवस त्याच प्रायमावेरात टाका. तपासणीची सही नाही तर काँक्रीट नाही, असं वरिष्ठांनीच ठरवा. मग नवख्याला शूर व्हावं लागणार नाही. तारखा आखणारा तपासणीला वेळच ठेवत नसेल, तर त्याचं सॉफ्टवेअर फक्त घाईचा सुंदर तक्ता काढतं.

भाच्याला म्हटलं, क्लास लाव. पण त्याआधी फिटरशेजारी बसून दहा रिंगा स्वतः वाकव. आणि मुलाखतीत विचार, चूक दिसली तर काम थांबवायचा अधिकार मला आहे का?

"मामा, असं विचारलं तर नोकरी देतील का?"

नाही दिली, तर कुठे सही करायची नाही एवढं तरी कळेल.