संकेतस्थळाची मोजणी : आकड्यांचा अधिकार आणि त्याची मर्यादा

संकेतस्थळावर किती लोक आले, कोठून आले आणि किती वेळ थांबले हे सांगणाऱ्या विश्लेषण-प्रणाली आज लहान साप्ताहिकापासून मोठ्या वृत्तसमूहापर्यंत सर्वत्र वापरल्या जातात, आणि त्यांच्या वापरातून एक मत रूढ झाले आहे. ते असे की, छापील अंकाचा वाचक अंदाजानेच ओळखावा लागत असे, आता मात्र प्रत्येक वाचक मोजला जातो, म्हणून कोणते सदर चालवावे आणि कोणते बंद करावे याचा निवाडा आकड्यांवर सोपवावा. या मतामागे तीन गृहीतके आहेत : सत्रांची संख्या म्हणजे वाचकांची संख्या, स्रोतांचा तक्ता म्हणजे वाचक आलेल्या वाटेची नोंद, आणि पानावरचा वेळ म्हणजे वाचनाचे माप. ही तिन्ही गृहीतके तपासणीत टिकत नाहीत. मात्र त्यावरून मोजणीच निरर्थक ठरवणारा पक्षही तितकाच सदोष आहे.

प्रथम मोजणीची रीत पाहिली पाहिजे. १९९०च्या दशकात ॲनालॉग, वेबअलायझर यांसारखे प्रोग्राम सर्व्हरच्या लॉगवरून, म्हणजे सर्व्हरकडे आलेल्या प्रत्येक मागणीच्या नोंदवहीवरून, हिशेब काढत असत. पुढे पानातच जावास्क्रिप्टचा छोटा तुकडा बसवण्याची पद्धत आली. पान उघडले की तो तुकडा मोजणाऱ्या सर्व्हरला वर्दी देतो. २००५ साली गूगलने अर्चिन ही कंपनी विकत घेतली आणि त्याच वर्षी गूगल ॲनालिटिक्स सुरू करून ही सोय सर्वांना विनामूल्य दिली. आलेला माणूस जुना की नवा हे ठरवण्यासाठी ही प्रणाली कुकीचा आधार घेते. नेटस्केप कंपनीतील लू मोन्टुली यांनी १९९४ साली योजलेली कुकी म्हणजे संकेतस्थळाने ब्राउझरमध्ये ठेवलेली लहानशी खूण. ती ब्राउझर ओळखते, माणूस ओळखत नाही, आणि पुढचे बहुतेक गैरसमज हा भेद विसरल्यामुळे होतात.

पहिले गृहीतक सत्राचे. सत्र, म्हणजे प्रचलित भाषेत सेशन, ही एका भेटीतील कृतींची मोट असून ती कोठे संपते हे संकेताने ठरवलेले असते : गूगल ॲनालिटिक्समध्ये सामान्यतः ३० मिनिटे कोणतीही हालचाल झाली नाही की सत्र संपते. दीर्घ लेख अर्धवट ठेवून जेवायला उठलेला आणि तासाभराने पुढचे पान उघडणारा वाचक त्यामुळे दोन सत्रांत विभागला जातो. गूगल ॲनालिटिक्सच्या युनिव्हर्सल ॲनालिटिक्स या जुन्या आवृत्तीत मध्यरात्र उलटली किंवा वाचक मध्येच दुसऱ्या प्रचार-लिंकवरून परत आला तरी नवे सत्र धरले जाई. गूगल ॲनालिटिक्स ४ या नव्या आवृत्तीत हे दोन्ही नियम नाहीत, आणि १ जुलै २०२३ पासून जुन्या प्रणालीच्या सर्वसाधारण खात्यांत नवी नोंद घेणे बंद झाले. वाचक तेच राहिले तरी व्याख्या बदलताच संख्या बदलते, हे एवढ्यावरून सिद्ध होते. ‘वापरकर्ते’ या आकड्याची स्थितीही वेगळी नाही : मोबाइलवर आणि कार्यालयातील संगणकावर वाचणारी एक व्यक्ती दोन ठरते, एका मोबाइलवर वाचणारे घरातील तिघे एक ठरतात, आणि सफारी ब्राउझरने २०१९ पासून जावास्क्रिप्टने ठेवलेल्या कुकीचे आयुष्य सात दिवसांवर आणल्यामुळे त्या ब्राउझरवरून महिन्यातून एकदा येणारा जुना वाचक दर वेळी नवा म्हणून मोजला जातो.

दुसरे गृहीतक स्रोताचे. वाचक एका पानावरील लिंक दाबून दुसऱ्या पानावर जातो तेव्हा ब्राउझर सहसा मागील पत्ता कळवतो. त्याला रेफरर म्हणतात आणि स्रोताचा बराचसा तक्ता त्यावर उभा असतो. रेफरर मिळाला नाही आणि लिंकवर दुसरी खूणही नसली, की प्रणाली ती भेट ‘डायरेक्ट’ या खान्यात टाकते. या खान्याचा अर्थ ‘पत्ता स्वतः टाइप करून येणारे निष्ठावंत वाचक’ असा सर्रास लावला जातो, वस्तुतः त्याचा अर्थ ‘स्रोत अज्ञात’ एवढाच आहे. पीडीएफमधील लिंक, ईमेलचे ॲप आणि व्हॉट्सॲपवरून आलेल्या बहुतेक भेटी याच खान्यात जमा होतात. ‘दि अटलांटिक’मध्ये ॲलेक्सिस मॅड्रिगल यांनी २०१२ साली अशा न दिसणाऱ्या देवाणघेवाणीला ‘डार्क सोशल’ हे नाव दिले. मराठी लेखांचा प्रसार नातलगांच्या, शाळासोबत्यांच्या आणि गृहसंस्थांच्या व्हॉट्सॲप गटांतून किती होतो हे लक्षात घेतले, तर हा अज्ञात खाना मराठी प्रकाशकासाठी किती महत्त्वाचा आहे हे कळते. उलट बाजूनेही चूक होते : गूगल ॲनालिटिक्स ४ सत्राचे श्रेय शेवटच्या ज्ञात स्रोताला देते, त्यामुळे पूर्वी गूगल शोधातून आलेला वाचक नंतर खरोखरच पत्ता टाइप करून आला तरी त्याचे श्रेय गूगलकडे जाऊ शकते.

तिसरे गृहीतक वेळेचे. जुन्या प्रणालीत पानावरचा वेळ म्हणजे एका पानाची वर्दी आणि पुढच्या पानाची वर्दी यांमधील अंतर. परिणामी एकच लेख शेवटपर्यंत वाचून निघून गेलेल्या वाचकाचा वेळ शून्य धरला जाई आणि त्याची गणना ‘बाउन्स’मध्ये, म्हणजे आल्या पावली परतलेल्यांत, होत असे. नव्या प्रणालीत दहा सेकंदांहून अधिक चाललेले, किंवा दोन पाने पाहिलेले, किंवा प्रकाशकाने महत्त्वाची ठरवलेली कृती घडलेले सत्र ‘गुंतलेले’ मानतात आणि उरलेल्यांना बाउन्स म्हणतात. नाव एकच राहून आशय बदलल्याने २०२२ आणि २०२४ मधील बाउन्स दरांची तुलना करणे हा तर्कदोष आहे. शिवाय पडद्यावर पान समोर असणे आणि वाचक ते वाचत असणे या दोन गोष्टी कोणतीही प्रणाली वेगळ्या करू शकत नाही.

भाषा आणि गाव यांच्या तक्त्यांनी तर मराठी प्रकाशकाची विशेष दिशाभूल होते. भाषेची नोंद ब्राउझरच्या सेटिंगवरून होते, म्हणून इंग्रजीत सेटिंग असलेल्या मोबाइलवर मराठी कादंबरीचे परीक्षण वाचणारा माणूस इंग्रजी भाषक म्हणून नोंदला जातो. गावाचा अंदाज आयपी पत्त्यावरून बांधतात आणि मोबाइल कंपन्या दूरदूरच्या ग्राहकांची जोडणी मोठ्या शहरातील केंद्रातून फिरवत असल्याने तालुक्याच्या गावचा वाचक मुंबई किंवा पुण्याच्या खाती जमा होऊ शकतो. अशा तक्त्यावरून ‘ग्रामीण भागात वाचक नाही’ हा निष्कर्ष काढणे म्हणजे साधनाचा दोष वाचकाच्या माथी मारणे होय.

येथे दुसरा पक्ष पुढे येतो आणि म्हणतो की, एवढे दोष असलेली आणि वर पाळत ठेवणारी ही मोजणी सोडूनच द्यावी. पाळतीचा आक्षेप पोकळ नाही : २०२२ साली ऑस्ट्रिया आणि फ्रान्समधील माहिती-संरक्षण यंत्रणांनी त्यांच्यासमोरील प्रकरणांत गूगल ॲनालिटिक्समार्फत अमेरिकेत जाणारी माहिती युरोपीय नियमांशी विसंगत ठरवली, आणि भारतातही २०२३ साली वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला. परंतु हा आक्षेप माणसाचा माग काढण्याला आणि माहिती परहस्ते जाण्याला लागू पडतो, मोजण्याच्या क्रियेला नव्हे. मटोमो ही प्रणाली प्रकाशकाच्या स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येते आणि प्लॉसिबल ही प्रणाली कुकीशिवाय काम करते.

दोषांच्या आक्षेपालाही उत्तर आहे. एकाच साधनाचा दोष दररोज साधारण सारखाच राहत असेल, तर एकूण संख्या अविश्वसनीय असूनही चढउतार विश्वसनीय राहतात. पानांची नवी मांडणी लागू झाल्याच्या दिवसापासून फक्त मोबाइलवरची सत्रे निम्म्यावर आली, तर वाचकांची रुची नव्हे, पान बिघडले असण्याची शक्यता मोठी, आणि ही सूचना मोजणीशिवाय मिळणार नाही. स्रोताबाबत प्रकाशकाने अंदाजावर न विसंबता स्वतः खूण करावी : अर्चिनच्या काळापासून चालत आलेल्या यूटीएम या खुणा लिंकला जोडल्या, की व्हॉट्सॲपसाठी सोडलेली लिंक आणि वार्तापत्रातली लिंक वेगळ्या ओळखता येतात. मात्र लिंक पुढे पाठवली की खूणही तिच्यासोबत जाते, म्हणून ती लिंक मुळात कोठे सोडली एवढेच सांगते, शेवटी कोणाच्या हातून पोचली हे सांगत नाही.

तेव्हा सिद्धान्त असा की, विश्लेषण-प्रणालीचा आकडा तुलनेसाठी प्रमाण आहे, गणनेसाठी अंदाज आहे, आणि लेखनाच्या गुणवत्तेबाबत त्याला साक्षीचा अधिकार नाही. संपादकांनी प्रत्येक अहवालात मोजणीचा कालावधी, सत्राची व्याख्या आणि ‘डायरेक्ट’चे प्रमाण लिहून घ्यावे, त्याच्या शेजारी वर्गणीदारांची संख्या आणि वाचकांची पत्रे ठेवावीत, आणि ज्या अहवालात एवढेही नसेल त्याच्या आधारे एकही सदर बंद करू नये.