कुटुंबचिंतन : नौसैनिक वर आणि चार वर्षांची वाट

मुलचेरा हें गांव गडचिरोली जिल्ह्याच्या अरण्यप्रदेशांत आहे. समुद्र तेथून शेंकडों मैल दूर. तरी त्या मुलखाचें पाणी अखेर समुद्रासच जातें. वैनगंगा व वर्धा यांच्या संगमापासून नदीस प्राणहिता हें नांव पडतें, प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीस मिळते, आणि गोदावरी बंगालच्या उपसागरास. त्याच उपसागरालगत, ओडिशांतील चिल्का सरोवराच्या कांठीं, नौसैनिकांना प्राथमिक शिक्षण देणारें ‘आय.एन.एस. चिल्का’ हें केंद्र आहे. मुलचेऱ्यासारख्या गांवीं नोकरीनिमित्त स्थायिक झालेल्या एखाद्या एकत्र कुटुंबांतील मुलगा तेथें अग्निवीर म्हणून दाखल झाला, तर घरांत आनंदाबरोबरच एक पेंच येऊन उभा राहतो. मुलगी आधींच पाहून ठेवलेली, पत्रिका जमलेली, मुलास नुकतेंच एकविसावें वर्ष पुरें झालेलें. आणि घरांतील आजीबाईंची एकच इच्छा, कीं डोळे मिटण्यापूर्वीं नातसून पाहावी.

या पेंचाचा विचार करण्यापूर्वीं नियम काय आहे तें नीट समजून घेतलें पाहिजे. २०२२ सालीं सुरू झालेल्या अग्निपथ योजनेंत साडेसतरा ते एकवीस वर्षांच्या अविवाहित उमेदवारांनाच घेतात. दाखल होतांना आपण अविवाहित असल्याचा दाखला उमेदवारास द्यावा लागतो. नौदलाच्या भरतीच्या जाहिरातींत स्पष्ट छापलेलें असतें कीं, केवळ शिक्षणकाळांतच नव्हे, तर चारहि वर्षांच्या सेवेंत विवाहास परवानगी नाहीं. जो विवाह करील त्यास सेवेंतून काढून टाकण्यांत येईल. नौदलाच्या अधिकाऱ्यांसाठीं जे तरुण एझिमला येथील प्रबोधिनींत जातात, त्यांनाहि शिक्षण पुरें होईपर्यंत लग्न करतां येत नाहीं. केल्यास घरीं जावें लागतें आणि सरकारनें केलेला खर्च परत भरण्याची जबाबदारी अंगावर येते.

नियम इतका उघड असूनहि पुष्कळ घरीं एक पळवाट सुचविली जाते. “देवघरापुढें चार माणसांत विधि उरकून घेऊं, नोंदणी मागाहून करूं. कोणास कळणार आहे?” सुचविणाऱ्यांचा हेतु वाईट नसतो, पण त्यांचा समज चुकीचा आहे. १९५५ च्या हिंदु विवाह कायद्याप्रमाणें ज्या विवाहांत सप्तपदीचा विधि आहे, तो सातवें पाऊल पडतांच पूर्ण व बंधनकारक होतो. नोंदणी हा विवाहाचा पुरावा आहे. ती झाली नाहीं म्हणून विवाह झाला नाहीं असें होत नाहीं. तेव्हां देवघरापुढें झालेलें तें लग्नच. मुलानें मात्र अविवाहित म्हणून लिहून दिलेलें, आणि चार वर्षें तोच मुखवटा घालून वरिष्ठांपुढें उभें राहावयाचें. अग्नीला साक्ष ठेवून सुरू झालेल्या संसाराचें पहिलें कृत्य असत्य असावें, हें कोणत्या वडीलधाऱ्यांस रुचेल?

आणि या असत्याचा भार कोण वाहतो, हें पाहिलें म्हणजे मन अधिकच अस्वस्थ होतें. मुलगा छावणींत असतो. त्यास कोणी विचारीत नाहीं. घरीं राहते ती मुलगी. तिनें मंगळसूत्र पदराआड लपवावें, हळदीकुंकवास गेली असतां कुमारिका म्हणून बसावें कीं सुवासिनी म्हणून, हें तिचें तिलाच कळूं नये. पुढें दुर्दैवानें कांहीं बरेंवाईट झालें, तर कागदावर ती त्याची कोणीच नाहीं. हक्क मागावा तर आधीं लपवालपवीची कबुली द्यावी लागणार. घरच्या एका हौसेसाठीं परक्याच्या मुलीला अशा कोंडींत घालणें हा तिच्यावर अन्याय आहे.

वाट पाहणें वाटतें तितकें कठीण तरी आहे काय? वराचें वय कायद्यानें एकवीस हवेंच. अठराव्या वर्षीं दाखल झालेला मुलगा बाविसाव्या वर्षीं मोकळा होतो. म्हणजे नौदलानें त्याची वाट अवघ्या एका वर्षानें वाढविली. अगदीं एकविसाव्या वर्षीं गेलेला असला, तरी सेवा संपते तेव्हां तो पंचविशींतच असतो. शिवाय, या चार वर्षांनंतर पंचवीस टक्क्यांपर्यंतच अग्निवीर कायम सेवेंत घेतले जातात. बाकीच्यांना सेवानिधीची रक्कम घेऊन नवा व्यवसाय शोधावा लागतो. जांवई नौसैनिक राहणार कीं दुसऱ्या उद्योगास लागणार, हें ज्या दिवशीं ठरेल त्या दिवसानंतर केलेलें लग्न अधिक शहाणपणाचें नव्हे काय?

या काळांत मुलीकडील मंडळींनीं तिचें शिक्षण थांबवूं नये. चार वर्षांत पदवी होते, शिक्षिकेचा वा परिचारिकेचा अभ्यासक्रम पुरा होतो. नौसैनिकाच्या पत्नीस महिनोन्महिने एकटीनें घर सांभाळावयाचें असतें. ही तयारी तिला जन्मभर पुरेल. शब्द द्यावयाचा असेल तर उघड द्यावा, पण त्याची बेडी करूं नये. चार वर्षांत दोघांपैकीं एकाचें मन बदललें, तर तें सांगण्याची मोकळीक दोघांनाहि सारखी असावी.

सारखी म्हणण्याचें कारण आहे. २८ मार्च २०२३ रोजीं चिल्का येथून अग्निवीरांची पहिली तुकडी बाहेर पडली, तींत सुमारें २६०० जणांमध्यें २७३ मुली होत्या. उद्यां आपल्याच घरची मुलगी नौसैनिक झाली, तर वरपक्षानें चार वर्षें थांबावें अशी अपेक्षा आपण करूंच. १८८३ सालीं आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून बोटीनें अमेरिकेस निघाल्या, तेव्हां मागें राहून वाट पाहणारे गोपाळराव होते. विरह सोसण्याचें कर्तव्य केवळ स्त्रियांच्याच वांट्यास आलेलें नाहीं.

उरला आजीबाईंचा प्रश्न, आणि तो टाळण्यासारखा नाहीं. त्यांना नातसून पाहावयाची आहे, तर मुलीला सणावारीं घरीं बोलवावें, आजीबाईंच्या हातून तिची ओटी नव्हे, पण डोक्यावर हात ठेवून घ्यावा. सुटींत मुलगा आला म्हणजे दोघांनीं त्यांच्यापाशीं चार घटका बसावें. आशीर्वादास मुहूर्त लागत नाहीं आणि त्याची नोंदहि कोठें करावी लागत नाहीं. अक्षता मात्र त्या दिवशींच पडाव्यात, ज्या दिवशीं मुलाला आपल्या वरिष्ठांस आणि मुलीला आपल्या शेजारणींस ती वार्ता मान वर करून सांगतां येईल.